हुगळीकाठच्या टाकीतील कार्बन डायऑक्साइड

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, हुगळीच्या डाव्या तीरावर गार्डन रीच हा भाग आहे. जहाजबांधणीचा सरकारी कारखाना, गोद्या, मटियाबुर्जची दाट वस्ती आणि विदर्भातील जुन्या पिढीला बीएनआर या नावाने परिचित असलेल्या बंगाल नागपूर रेल्वेचे मुख्यालय, जे आता दक्षिण पूर्व रेल्वेचे आहे, यांमुळे हा भाग उद्योगांचा आणि वाहतुकीचा परिसर म्हणून ओळखला जातो. परंतु जलवनस्पतींच्या अभ्यासकाला त्याचे महत्त्व वेगळ्या कारणांनी वाटते. येथील जलशुद्धीकरण केंद्र हुगळीचे पाणी उचलून, शुद्ध करून दक्षिण कोलकात्याच्या मोठ्या भागाला पुरवते. नदीपलीकडे, शिबपूरच्या काठावर, कर्नल रॉबर्ट किड यांच्या पुढाकाराने 1787 मध्ये स्थापन झालेले वनस्पती उद्यान आहे. 1793 पासून दोन दशके त्याचे अधीक्षक असलेल्या विल्यम रॉक्सबर्ग यांच्या ग्रंथांतून हायग्रोफिला पॉलिस्पर्मा आणि रोटाला रोटुंडिफोलिया या दलदलीतील वनस्पतींची पहिली शास्त्रीय वर्णने जगासमोर आली, आणि आज जगभरातील शोभिवंत टाक्यांत या दोन्ही वनस्पती लावल्या जातात. त्याच उद्यानाचे 1814-15 मध्ये अधीक्षक असलेले फ्रान्सिस ब्युकॅनन-हॅमिल्टन यांनी गंगा आणि तिच्या शाखांमधील माशांवर 1822 मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात झेब्रा डॅनिओ, हनी गुरामी आणि ड्वार्फ गुरामी या आज प्रत्येक शोभिवंत माशांच्या दुकानात दिसणाऱ्या जातींचे मूळ वर्णन आहे.

याचा अर्थ असा की गार्डन रीचमधील एखाद्या घरात काचेची टाकी मांडून तिच्यात नळाचे पाणी, हायग्रोफिला, रोटाला, हायड्रिला आणि डॅनिओ ठेवले, तर पाणी, वनस्पती आणि मासे हे तिन्ही घटक एकाच नदीखोऱ्यातले असतात. तरीही अशा टाकीत वनस्पती बहुधा खुरटतात, त्यांची पाने विरघळल्यासारखी होतात आणि काचेवर शेवाळ माजते. याचे सर्वांत मोठे कारण पाण्यातील कार्बन डायऑक्साइडची टंचाई हे असते. तो वायू बाहेरून पुरवता येतो. परंतु किती पुरवावा या प्रश्नाला हौशी लोकांमध्ये जे ठरीव उत्तर दिले जाते, म्हणजे लिटरला 30 मिलिग्रॅम, ते स्थानिक पाणी, तापमान आणि टाकीतील जीव यांचा विचार न करता लागू केले तर कधी निरुपयोगी आणि कधी माशांच्या जिवावर बेतणारे ठरते.

हवेत आज कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत 420 च्या आसपास आहे. अशा हवेच्या संपर्कात पाणी दीर्घकाळ स्वस्थ ठेवले, तर 25 अंश सेल्सिअस तापमानाला त्यात लिटरला सुमारे 0.6 मिलिग्रॅम एवढाच कार्बन डायऑक्साइड विरघळलेला राहतो आणि तापमान वाढले की त्याहूनही कमी. एवढे प्रमाणसुद्धा वनस्पतींना पुरले असते, पण वायूचे रेणू पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट संथपणे पसरतात. प्रत्येक पानाभोवती जवळजवळ स्थिर पाण्याचा एक पातळ थर असतो, त्याला सीमास्तर म्हणतात. पानाने या थरातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतला की त्या जागी नवा येण्यास वेळ लागतो, आणि भर प्रकाशातही पान उपाशी राहते. प्रकाश मुबलक आणि कार्बन अपुरा अशी स्थिती निर्माण झाली की वनस्पतींची वाढ थांबते, त्यांना न वापरता आलेले पोषण पाण्यात शिल्लक राहते आणि कमी कार्बनवर भागवणाऱ्या शेवाळाचे फावते.

बंगालच्या पाणथळ जागांत याच वनस्पती फोफावतात, हे वरवर पाहता विसंगत वाटते. तेथे तळाशी गाळाचा जाड थर असतो, त्यात कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्यातून सतत कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, आणि त्यामुळे बहुतेक नैसर्गिक तळी, ओढे व दलदली यांच्या पाण्यात हा वायू हवेशी समतोल साधणाऱ्या प्रमाणापेक्षा जास्त असतो. शिवाय हायग्रोफिला आणि रोटाला या उभयचर वनस्पती आहेत. पाणी ओसरले की त्या हवेत पाने काढतात आणि हवेतला कार्बन थेट घेतात. रोपवाटिकांतून येणारी किंवा उत्तर कोलकात्यात बागबाजारजवळ गॅलिफ स्ट्रीटवर रविवारी भरणाऱ्या बाजारात मिळणारी यांपैकी अनेक रोपे हवेत वाढवलेली असतात. ती टाकीत बुडवली की जुनी पाने गळतात, पाण्यात जगणारी नवी, पातळ पाने फुटावी लागतात, आणि या संक्रमणाच्या दोन-तीन आठवड्यांत कार्बन कमी पडला तर रोप बहुधा वाचत नाही. गॅस पुरवण्याची सर्वाधिक गरज याच काळात असते, आणि नवी टाकी लावणारा माणूस नेमका याच काळात हात आखडता घेतो.

सर्व जलवनस्पती कार्बनच्या बाबतीत सारख्या परावलंबी नसतात. पाण्यात विरघळलेला कार्बन केवळ कार्बन डायऑक्साइडच्या रूपात नसतो. त्याचा बराच मोठा भाग बायकार्बोनेट या आयनाच्या, म्हणजे विद्युतभारित कणाच्या, रूपात असतो. मॉस वर्गातील वनस्पती, रिक्सिया आणि कॅबोम्बा यांना केवळ कार्बन डायऑक्साइड वापरता येतो. हायड्रिला, वॅलिस्नेरिया आणि सेराटोफायलम यांना मात्र टंचाईच्या वेळी बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेण्याची क्षमता असते. असे करताना पाणी अधिकाधिक अल्कधर्मी होत जाते आणि पानांवर कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा, खरखरीत थर बसतो. कठीण पाण्याच्या, म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेल्या पाण्याच्या टाकीत वॅलिस्नेरियाच्या पानांवर तो नखाने खरवडता येतो, आणि तो दिसला की टाकीत कार्बन डायऑक्साइड संपत आला आहे हे कोणत्याही उपकरणाशिवाय कळते.

हायड्रिलाच्या या सामर्थ्याचा इतिहास कोलकात्याशीच जोडलेला आहे आणि तो सविस्तर सांगण्याजोगा आहे. जगदीशचंद्र बोस यांनी 1917 मध्ये स्थापन केलेल्या संशोधन संस्थेत प्रकाशसंश्लेषणावर, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून अन्न तयार करण्याच्या वनस्पतींच्या क्रियेवर, जे प्रयोग झाले, त्यांत बंगालच्या तळ्यांत सहज मिळणारी हायड्रिला हीच प्रमुख प्रयोगवनस्पती होती. या क्रियेत बाहेर पडणाऱ्या ऑक्सिजनचे बुडबुडे आपोआप नोंदवणारे उपकरण बोस यांनी तयार केले. बुडबुडे हाताने मोजण्यात होणाऱ्या चुका त्यामुळे टळल्या आणि प्रकाश, तापमान किंवा कार्बन डायऑक्साइड बदलला की क्रियेचा वेग कसा बदलतो हे आलेखावर दिसू लागले. 1924 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द फिजिऑलॉजी ऑफ फोटोसिंथेसिस' या ग्रंथात त्यांनी असे नोंदवले की उन्हाळ्यातील हायड्रिला हिवाळ्यातील हायड्रिलापेक्षा वेगळी वागते; तिच्या ऊतींमध्ये मॅलिक आम्ल साठते आणि बाहेर कार्बन डायऑक्साइड नसतानाही त्या आम्लाच्या आधारे ती कार्बनचे सात्मीकरण चालू ठेवू शकते.

त्या काळच्या जीवरसायनशास्त्रात या निरीक्षणाला जागाच नव्हती. ऊस आणि मका यांसारख्या पिकांमध्ये कार्बन प्रथम चार कार्बन अणूंच्या आम्लांच्या रूपात पकडला जातो, हे 1960 च्या दशकात सिद्ध झाले आणि या मार्गाला सी-फोर असे नाव मिळाले. पुढे अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात जॉर्ज बोव्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की पाणी उष्ण, दिवस मोठा आणि कार्बन डायऑक्साइड दुर्मीळ झाला की हायड्रिला अशाच स्वरूपाच्या मार्गाचा अवलंब करते, आणि तोही पानात विशेष पेशीरचना नसताना, एकाच पेशीच्या आत. बोस यांच्या उन्हाळी हायड्रिलाचे कोडे अर्ध्या शतकानंतर अशा रीतीने उलगडले. शिबपूरच्या उद्यानाला 2009 मध्ये त्यांचे नाव देण्यात आले, हे अनेकांना ठाऊक असते. पण त्या उद्यानासमोरच्या नदीखोऱ्यातील एका सामान्य तणावर त्यांनी केलेले हे काम त्यांच्या रेडिओलहरींवरील किंवा लाजाळूवरील प्रयोगांइतके कधी सांगितले गेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

या संशोधनातून टाकी सांभाळणाऱ्याला एक व्यावहारिक निष्कर्ष मिळतो. वायू न पुरवलेल्या टाकीत हायड्रिला आणि रोटाला शेजारी लावल्या, तर हायड्रिला बायकार्बोनेट वापरून पाण्यातला उरलासुरला कार्बन डायऑक्साइडही नाहीसा करते आणि रोटाला उपासमारीने मरते. वायूची सोय नसेल तर केवळ हायड्रिला, वॅलिस्नेरिया आणि सेराटोफायलम यांची टाकी उत्तम चालते. इतर वनस्पती हव्या असतील तर मात्र वायू पुरवण्यास पर्याय नाही.

वायू किती आहे हे ठरवण्यासाठी पाण्याचे रसायन थोडे समजून घ्यावे लागते. पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळला की त्याचा अल्पसा भाग कार्बोनिक आम्ल बनतो आणि पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता-अल्कता दर्शवणारा आकडा, खाली येतो. पाण्यातील बायकार्बोनेट मात्र या घसरणीला विरोध करते. या विरोधक्षमतेला कार्बोनेट कठीणपणा किंवा बाजारातील चाचणीसंचांवर छापल्याप्रमाणे केएच म्हणतात आणि तो जर्मन अंशांत मोजतात. एक अंश म्हणजे लिटरला 17.8 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कता. सामू आणि केएच माहीत असतील तर कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण गणिताने काढता येते: केएचला तीनने गुणावे आणि आलेल्या गुणाकाराला, सामू सातपेक्षा जितका कमी असेल तितक्या दहाच्या घाताने पुन्हा गुणावे. केएच 4 अंश आणि सामू 6.6 असेल तर उत्तर लिटरला सुमारे 30 मिलिग्रॅम येते. हेच 30 मिलिग्रॅम केएच 2 अंश असताना सामू 6.3 ला आणि केएच 8 अंश असताना सामू 6.9 ला मिळतात. म्हणून 'सामू 6.6 वर ठेवा' असा सल्ला केएच न विचारता देणाऱ्याचा सल्ला स्वीकारू नये. 8 अंशांच्या पाण्यात 6.6 सामू म्हणजे लिटरला सुमारे 60 मिलिग्रॅम वायू, आणि एवढ्यात बहुतेक मासे तडफडू लागतात.

गार्डन रीचच्या बाबतीत या गणिताला ऋतूंचे परिमाण जोडावे लागते. गंगेच्या पाण्यातील बायकार्बोनेट कोरड्या महिन्यांत, प्रवाह रोडावल्यावर आणि भूजलाचा वाटा वाढल्यावर, अधिक असते. पावसाळ्यात पुराच्या पाण्याने ते सौम्य होते. त्याच पावसाळ्यात नदीचा गढूळपणा प्रचंड वाढतो, आणि गढूळपणा बसवण्यासाठी जलशुद्धीकरणात तुरटी किंवा ॲल्युमिनियमचे तत्सम क्षार अधिक घालावे लागतात. तुरटी गाळाचे कण एकत्र आणताना पाण्यातील बायकार्बोनेट खर्च करते: लिटरमागे 20 मिलिग्रॅम तुरटीने सुमारे 10 मिलिग्रॅम अल्कता, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा अधिक केएच, कमी होतो आणि जवळपास 9 मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो, जो पुढे उघड्या टाक्यांत बराचसा हवेत निघून जातो. नदीचे सौम्य होणे आणि तुरटीचे वाढणे हे दोन्ही परिणाम एकाच दिशेने जातात. त्यामुळे मे महिन्यात बसवलेले सामूचे लक्ष्य ऑगस्टमध्ये लागू पडत नाही. ज्या इमारतींत नळाचे पाणी अपुरे पडून नलिकाकूपाचे, म्हणजे बोअरिंगचे, पाणी त्यात मिसळले जाते तेथे परिस्थिती आणखी बदलते, कारण या भागातील भूजल कठीण आणि अनेकदा लोहयुक्त असते. हे पाणी जमिनीतून येताना स्वतःबरोबर बराच कार्बन डायऑक्साइडही घेऊन येते, जो बादलीत रात्रभर ठेवल्यावर उडून जातो. म्हणून ताज्या बोअरच्या पाण्याचा सामू मोजून टाकीचे गणित मांडणे व्यर्थ असते.

मराठी वाचकाला तुलनेसाठी आपल्याकडची उदाहरणे पाहता येतील. भातसा, तानसा यांसारख्या सह्याद्रीतील जलाशयांचे मुंबईला येणारे पाणी किंवा पुण्याला मिळणारे खडकवासल्याचे पाणी मृदू असते, कारण ते पावसाचे पाणी बेसाल्टच्या उतारांवरून फार काळ मुरल्याविना साठलेले असते. त्याचा केएच कमी असल्याने थोडा वायू सोडला तरी सामू झपाट्याने घसरतो आणि तो पाहून टाकीवाला घाबरतो. याउलट मराठवाड्यातील किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील विहिरीच्या कठीण पाण्यात सामू जागचा हलताना दिसत नाही, म्हणून टाकीवाला वायू वाढवत नेतो आणि मासे गमावतो. दोन्ही ठिकाणी चूक एकच, केएच न मोजण्याची.

वरील गणितालाही मर्यादा आहेत. पाण्याच्या सामूवर केवळ कार्बोनेटचाच प्रभाव आहे असे ते गृहीत धरते. टाकीत लाकडाचे ओंडके असतील, त्यांतून टॅनिन पाझरत असेल, किंवा भाजलेल्या मातीच्या दाण्यांचा तो आधुनिक थर तळाशी असेल जो स्वतःच बायकार्बोनेट शोषून आम्ल सोडतो, तर सामू कार्बन डायऑक्साइडशिवायही उतरतो आणि गणित वायू असल्यापेक्षा जास्त दाखवते. यावर उपाय म्हणून ड्रॉप चेकर हे साधे उपकरण वापरतात. काचेच्या लहान फुग्यात 4 अंश केएचचे शुद्ध, मुद्दाम तयार केलेले द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हा रंगदर्शक भरून तो टाकीत उलटा बसवतात. टाकीचे पाणी आणि हे द्रावण यांच्यामध्ये हवेची एक पोकळी असते, तीतून फक्त वायू ओलांडू शकतो, टॅनिन किंवा आम्ल नाही. वायू कमी असेल तर द्रावण निळे, लिटरला 30 मिलिग्रॅमच्या आसपास हिरवे आणि त्याहून बराच जास्त असेल तर पिवळे दिसते. मात्र त्यात टाकीचे पाणी नव्हे, तर तयार द्रावणच भरले पाहिजे. आणि रंग बदलायला एक-दोन तास लागत असल्याने तो आत्ताची नव्हे, थोड्या आधीची स्थिती सांगतो.

आणखी एक प्रचलित पद्धत अशी की टाकीतले पाणी पेल्यात काढून ते दिवसभर उघडे ठेवावे, त्याचा सामू मोजावा आणि टाकीचा सामू त्याहून एका अंकाने कमी होईपर्यंत वायू सोडावा. केएच न बदलता सामू एकाने घसरला की कार्बन डायऑक्साइड दहापट झाला, हे त्यामागचे तत्त्व निर्विवाद आहे. परंतु दहापट झाल्यावर 30 मिलिग्रॅम मिळतात असे मानण्यासाठी पेल्यातील पाण्यात लिटरला 3 मिलिग्रॅम वायू शिल्लक आहे असे धरावे लागते. पाणी खरोखर हवेशी समतोलात आले असेल तर त्यात सुमारे 0.6 मिलिग्रॅमच उरतो आणि त्याची दहापट 6 मिलिग्रॅम होते. बंद खोलीत, माणसांच्या श्वासोच्छ्वासामुळे हवेतच हा वायू अधिक असताना, पेल्यातील प्रमाण या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते. म्हणून सामूची ही घसरण दररोजची स्थिरता तपासायला उत्तम आहे. निरपेक्ष प्रमाण ठरवण्यासाठी ड्रॉप चेकरची आणि त्याहूनही माशांच्या वागण्याची साक्ष अधिक विश्वसनीय मानावी.

मासे श्वसनातून तयार होणारा कार्बन डायऑक्साइड कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतात आणि हे सोडणे रक्तातील व पाण्यातील प्रमाणाच्या फरकावर चालते. पाण्यातील प्रमाण वाढले की फरक कमी होतो, वायू रक्तात साठतो, रक्त आम्लधर्मी होते आणि त्यातील हिमोग्लोबिनची ऑक्सिजन धरून ठेवण्याची शक्ती घटते. डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्रिस्तियान बोर यांनी 1904 मध्ये दाखवलेला हाच तो परिणाम. कोलकात्यात त्यात उष्णतेची भर पडते. पूर्ण संपृक्त पाण्यात 25 अंशांना लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना सुमारे 7.6, आणि याच वेळी उष्णतेने माशांची ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. हिवाळ्यात ज्या टाकीत 30 मिलिग्रॅम वायू मासे सहज सोसतात, त्याच टाकीत मे-जूनच्या दमट उकाड्यात 20 मिलिग्रॅमवर थांबणे शहाणपणाचे असते, आणि त्यामुळे वाढ थोडी मंदावली तरी ती पत्करावी.

माशांची लक्षणे वाचताना येथील स्थानिक जातींबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. गुरामींना डोक्यात चक्रव्यूहासारखे एक श्वसनेंद्रिय असते आणि ते नेहमीच पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतात. त्यांच्या येण्याजाण्यावरून वायू जास्त झाला असे ठरवता येत नाही, आणि ते शांत दिसतात म्हणून वायू सुरक्षित आहे असेही नाही, कारण हवेतून ऑक्सिजन मिळाला तरी कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी त्यांनाही मुख्यतः पाण्यावरच अवलंबून राहावे लागते. डॅनिओ एरवी सतत पळत असतात. ते पृष्ठभागाखाली थव्याने थांबून तोंड वर करू लागले, त्यांचे कल्ले जलद हलू लागले, किंवा कोळंब्या निश्चल झाल्या, तर वायू ताबडतोब बंद करून पृष्ठभाग ढवळावा आणि नंतर कारण शोधावे.

वायू पुरवण्याचे तीन मार्ग आहेत. साखरपाण्यात यीस्ट घालून आंबवण्याचा मार्ग सर्वांत स्वस्त आहे. 100 ग्रॅम साखरेपासून तत्त्वतः सुमारे 51 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो, पण आंबण्याचा वेग तापमानावर अवलंबून असल्याने कोलकात्याच्या उन्हाळ्यात तो पहिल्या दोन-चार दिवसांतच उसळतो, पुढे मंदावतो, आणि रात्री किंवा वीज गेल्यावर तो बंद करता येत नाही. खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल यांचा संच भारतात बराच लोकप्रिय आहे. 200 ग्रॅम सोडा आणि सुमारे 150 ग्रॅम आम्ल यांच्यापासून 105 ग्रॅमच्या आसपास वायू मिळतो, आणि झडपेने त्याचा वेगही थोडाफार आवरता येतो. तिसरा मार्ग दाबाखालील सिलिंडरचा. बाटलीतून विकले जाणारे 'द्रव कार्बन' मात्र या यादीत बसत नाही. त्यातील मुख्य घटक ग्लुटाराल्डिहाइड हा जंतुनाशक आहे, तो शेवाळ मारतो, वॅलिस्नेरियालाही इजा करतो, आणि कार्बनचा पुरवठा म्हणून त्याची किंमत मोजणे योग्य नाही.

सिलिंडरविषयी उष्ण प्रदेशात विशेष काळजी घ्यावी लागते. त्यात कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि 25 अंशांना आतील दाब वातावरणाच्या सुमारे 64 पट असतो. या पदार्थाचे क्रांतिक तापमान 31 अंश सेल्सिअस आहे, म्हणजे त्यापुढे कितीही दाब दिला तरी तो द्रवरूपात राहू शकत नाही. कोलकात्यातील घराचे तापमान वर्षातील बरेच महिने ही सीमा ओलांडते. तेव्हा सिलिंडरमध्ये द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही आणि तापमानागणिक दाब झपाट्याने चढतो, विशेषतः सिलिंडर गच्च भरलेला असेल तर. म्हणून भराई नेमून दिलेल्या वजनापुढे कधीही करून घेऊ नये, सिलिंडर खिडकीच्या उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नये आणि त्याची सुरक्षाचकती शाबूत असल्याची खात्री करावी. दुसरा धोका सिलिंडर संपत आल्यावर असतो: एकटप्पी रेग्युलेटरमध्ये, म्हणजे सिलिंडरचा दाब एकाच टप्प्यात उतरवणाऱ्या नियंत्रकात, आतील दाब पडला की बाहेरचा दाब उलट वाढू शकतो, बुडबुडे अचानक भरभर येऊ लागतात, आणि रात्रीत टाकीतील सगळे मासे मेल्याच्या घटनांमागे कधीकधी हेच कारण असते. दोनटप्पी रेग्युलेटर महाग पडतो, पण तो घेण्यासाठी इतर कशातही काटकसर करावी.

प्रत्यक्ष समायोजन करताना सेकंदाला किती बुडबुडे हा आकडा दुसऱ्याच्या टाकीवरून उचलण्यात अर्थ नसतो, कारण बुडबुड्याचा आकार प्रत्येक उपकरणात वेगळा असतो. 100 लिटरच्या टाकीत 30 मिलिग्रॅमचे प्रमाण गाठण्यासाठी विरघळलेला वायू फक्त 3 ग्रॅम लागतो. तरीही सिलिंडर महिन्यांमागून महिने रिकामा होत राहतो, कारण बहुतांश वायू पृष्ठभागातून उडून जातो. म्हणजेच टाकीतील प्रमाण हे आत येणारा आणि बाहेर जाणारा वायू यांच्या समतोलावर ठरते, आणि पृष्ठभागाची हालचाल बदलली की झडपेला हात न लावताही ते बदलते. यासाठी प्रथम फिल्टरचा प्रवाह कायम करावा, पृष्ठभाग हलकेच लहरत राहील आणि तेलकट थर साचणार नाही एवढा. मग झडप उघडावी. पृष्ठभाग पूर्ण निश्चल ठेवून वायू वाचवण्याची पद्धत टाळावी, कारण तिने ऑक्सिजनही अडतो. प्रवाह टाकीच्या दूरच्या कोपऱ्यातील पानांना हलवतो आहे ना, हे पाहणेही तितकेच आवश्यक आहे. सीमास्तर पातळ करण्याचे काम तोच करतो, आणि पुष्कळदा वायू वाढवण्याऐवजी प्रवाहाची दिशा बदलल्यानेच खुरटलेली रोपे सुधारतात.

वायू दिवे लागण्याच्या एक-दोन तास आधी सुरू करावा, म्हणजे प्रकाश येताच पानांना तो तयार मिळतो, आणि दिवे मालवण्याच्या तासभर आधी बंद करावा. रात्री वनस्पतीही ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यामुळे रात्रभर वायू चालू ठेवण्याने फक्त माशांवर ताण येतो. टायमरला जोडलेला सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडणारी झडप, वीज गेली की आपोआप बंद होतो. परंतु त्याच वेळी फिल्टरही थांबतो आणि उकाड्यात ऑक्सिजन वेगाने घटतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा. झडपेतील प्रत्येक बदल अगदी थोडा करावा, त्यानंतर पूर्ण एक दिवस थांबून ड्रॉप चेकर आणि मासे पाहावेत, आणि ज्या दिवशी घरात कोणी नसेल त्या दिवशी झडपेला हात लावू नये. दिवसागणिक प्रमाण खालीवर होणे हे थोड्या कमी पण स्थिर प्रमाणापेक्षा वनस्पतींना अधिक मारक ठरते, कारण पानातील रुबिस्को या कार्बन पकडणाऱ्या विकराची मात्रा वनस्पती उपलब्ध कार्बननुसार हळूहळू जुळवून घेत असते. दुपारनंतर पानांवरून ऑक्सिजनचे बुडबुडे अखंड ओळीने सुटू लागले, की बोस यांनी ज्याची नोंद यंत्राने घेतली तीच क्रिया समोर वेगाने चालू आहे असे समजावे. मात्र पाणी बदलल्यावर लगेच दिसणारे बुडबुडे त्यात धरू नयेत, ते बहुधा ताज्या पाण्यातून सुटणाऱ्या हवेचे असतात.

प्रकाशाचा विचारही येथेच करावा लागतो. डेन्मार्कमध्ये ओले पेडरसन आणि सहकाऱ्यांनी रिक्सियावर केलेल्या प्रयोगांत कमी प्रकाशातही कार्बन डायऑक्साइड वाढवल्याने वाढ लक्षणीय सुधारल्याचे दिसले. कार्बन मिळवण्यावरचा खर्च वाचला की तेवढीच ऊर्जा प्रकाश पकडण्याच्या यंत्रणेकडे वळवता येते. उन्हाळ्यात वायूचे लक्ष्य 20 मिलिग्रॅमवर आणले असेल तेव्हा दिव्यांचा कालावधी आठ तासांवरून सहा तासांवर आणणे हे त्याचे तर्कसंगत पूरक पाऊल आहे. पावसाळा सुरू झाला, नदी गढूळ झाली आणि पाण्याचे तापमान उतरू लागले, की नळाच्या पाण्याचा केएच दर आठवड्याला मोजावा, टाकीतील पाणी एका वेळी एक-चतुर्थांशाहून अधिक बदलू नये, आणि नवा केएच दोन-तीन आठवडे स्थिर राहिल्यावरच झडप पुन्हा थोडी उघडावी.